पहिलं कापड

पलंगावर तीन नवे गाऊन पसरून मी मघापासून नुसती उभी आहे. बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायची बॅग भरायची आहे, आणि कुणाच्या मापाचे कपडे भरायचे तेच मला कळत नाही. आत्ता या पोटावर बसणारा गाऊन नंतर लोंबेल का? घरी येताना माझा जुना निळा कुर्ता अंगात जाईल का? पुढून बटणं हवीत, एवढं सगळ्याच सांगतात. त्या बटणांच्या आत तेव्हा कोण असेल, ते कुणीच सांगत नाही.

आई खाली बसून तिची जुनी सुती साडी फाडून दुपटी करते आहे. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ही आमच्याकडची रीत. बाळाचं माप तिलाही ठाऊक नाही, तरी तिचे हात कुठे अडत नाहीत.

"आई, यातला कुठला घेऊ गं?"

तिनं एका गाऊनची शिवण बोटांनी चाचपली, तोंड वाकडं केलं आणि आत गेली. आली ती स्वतःचा विटलेला, पुढून बटणांचा गाऊन घेऊन. दुपट्यांच्या घडीवरच तो ठेवत म्हणाली, "हा घाल. तुलाही नवं टोचेल."