ओरेकेच्या सर्व्हरचं 'आत्ता'

ओरिनबासर माझा शेजारी आणि कुरदास. एकाच साली जन्मलेले आम्ही कुरदास. एकमेकांची हवी तितकी टिंगल करायची, पण राग मानायचा नाही, अशी आमच्या कझाकांत रीत. मी त्याला लाडाने ओरेके म्हणतो.

घरवाटपाच्या कचेरीतला डेटाबेस ओरेकेकडे. ऑनलाइन अर्ज आला की त्याने लिहिलेली क्वेरी सर्व्हरला आत्ताची तारीख आणि वेळ विचारायची. सर्व्हर सांगेल तो शिक्का अर्जावर.

देशाने अल्माटीची घड्याळं तासभर मागे घेतली, तेव्हा हट्टाने मी स्वयंपाकघरातलं जुन्याच वेळेवर ठेवलं. ओरेके चहा पिता पिता म्हणायचा, "तुझं घड्याळ तुझ्यासारखंच थापाडं. माझ्या सर्व्हरला काही शिकवावं लागत नाही."

खरं तर शिकवायला हवं होतं. नव्या वेळेची खबर सर्व्हरला कुणी दिलीच नव्हती.

ओरेकेची मुलगी जान्साया नवरा आणि दोन पोरांसह त्याच्याच दोन खोल्यांत राहायची. तिच्यासाठी घराचा अर्ज करायची मुदत एका संध्याकाळी सहापर्यंत होती. कचेरीच्या वेळेत घरचं काम करायचं नाही, हा ओरेकेचा बाणा. घरी येऊन साडेपाचला त्याने अर्ज भरला. शिक्का पडला साडेसहाचा. अर्ज बाद.

तो थेट माझ्याकडे आला आणि भिंतीवरचं घड्याळ बघत उभा राहिला. तिथेही साडेसहाच. त्या दिवशी पहिल्यांदाच टिंगल न करता मी त्याच्यासाठी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि समजावलं, की चूक कबूल केली तर वाटपच थांबेल, आणि लोक म्हणतील, मुलीसाठी बापाने वेळ फिरवली. ओरेकेने सर्व्हर मुकाट्याने दुरुस्त केला. जुने शिक्के तसेच राहिले.

जान्साया सासरच्या गावी निघाली. जिन्यात तिने एवढंच विचारलं, "पापा, ती वेळ विचारणारं तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

ओरेके गाद्यांची वळकटी उचलून खाली गेला. गाडी गेल्यावर वर आला, तेव्हा माझ्या जिभेला राहवलं नाही. "काय ओरेके, आत्ता वाजले किती?"

कुरदासाला कुणी अहो-जाहो करत नाही.

"आपल्या घड्याळात बघा ना," तो म्हणाला, आणि हळूच दार लावून घेतलं.