झाकण कोणी मिटलं

मारसुदीचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. मध्ये प्लायवूडची एकच भिंत. त्यामुळे गेली अकरा वर्षं तो कोणाशी काय बोलतो, आणि कोणी नसताना स्वतःशी काय पुटपुटतो, हे सगळं मला बसल्या जागी ऐकायला मिळतं. जावा बेटावरच्या क्लातेन गावात, या बाजाररस्त्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे आणखी तिघे आहेत. ते गिऱ्हाइकाला म्हणतात, गेला हा, नवा घ्या. मारसुदी म्हणतो, थांबा, आधी त्याला विचारू.

त्याला म्हणजे लॅपटॉपला. मारसुदी कोणाच्याही मशीनमध्ये विंडोजची चोरीची प्रत घालून देत नाही. चोरलेल्या चुलीवर शिजवलेला भात हलाल कसा होईल, असा त्याचा सवाल असतो. तो लिनक्स घालतो, जे सगळ्यांना मोकळं आहे आणि तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या मशीनवरही चालतं. आमच्याकडे त्याला लिनक्स कोणी म्हणत नाही, 'मारसुदीचं' म्हणतात. आणि हे मारसुदीचं म्हणे रोजनिशी लिहितं. मशीन कधी जागं झालं, पंखा कधी अडकला, बॅटरी कधी तापली, सगळं ओळीने, वेळेसकट. मारसुदी चष्मा नाकावर सरकवतो आणि त्या ओळींवरून बोट फिरवत बसतो. एकदा तांदूळवाल्याने वायफाय मेलं म्हणून डोकं खाल्लं होतं. मारसुदीने रोजनिशी वाचली, मशीनच्या कडेचं बारीकसं बटण नखाने सरकवलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

“यंत्र खोटं बोलत नाही, यु कास्मी,” तो मला नेहमी म्हणायचा. “माणसं सोयीचं तेवढंच सांगतात.”

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी यु, म्हणजे ताई. मोठेपणाचा तो मान ठेवतो आणि मी फायदा घेते. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली, पण दुकानात बाई आली की हा अजूनही टेबलाशी बोलतो. समोरची बाई गोरी होती की सावळी, हे त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. तिच्या मशीनचा नंबर मात्र पाठ. मी म्हणते, तुझ्याकडे बायका नाहीच येत, नुसत्या हार्ड डिस्क येतात. त्यावर तो कानापर्यंत लाल होतो आणि मला आणखी चिडवावंसं वाटतं.

बू नूरवांती, म्हणजे नूरवांती बाई, आली ती एका सोमवारी. पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत ती तिसरीला शिकवते. सतरा वर्षं शिकवते आहे, पण हंगामी. आज आहे, पुढच्या सत्राचा भरवसा नाही. कायम होण्याची परीक्षा यंदा घरून, आपल्याच लॅपटॉपवर द्यायची होती. ज्या मशीनवरून नाव नोंदवलं त्याच मशीनवरून, दुसरं चालणार नाही. परीक्षेला वयाची अट पंचेचाळीस, आणि तिला चव्वेचाळीस पूर्ण झालेली. म्हणजे हीच शेवटची संधी. सरावाच्या दोन परीक्षा झाल्या होत्या. दोन्ही वेळा अर्ध्यातच तिच्या लॅपटॉपचा पडदा विझला. खरी परीक्षा शुक्रवारी सकाळी आठला होती.

मारसुदीने रोजनिशी उघडली. दोन्ही दिवशी, बरोबर त्याच वेळांना, एकच ओळ होती. झाकण मिटलं. म्हणून मशीन झोपी गेलं.

“मी झाकणाला हातसुद्धा लावला नाही, पाक,” ती म्हणाली. पाक म्हणजे आमच्याकडचं साहेब.

त्याने टेबलाला मान डोलावली. मग दारात डोकावलेल्या मला समजावून सांगितलं, म्हणजे तिला ऐकू जाईल असं. झाकणात एक चुंबक असतो. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याखाली त्याला ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. चुंबक जवळ आला की मशीनला वाटतं, झाकण मिटलं. तो तुकडा खराब झाला असणार.

पण तुकडा ठणठणीत होता. मारसुदीने सोमवारी दुपारपासून मशीन चालू ठेवलं. सिनेमा लावला, गाणी लावली, झाकण दोनशे वेळा उघडमीट केलं. मी भिंतीपलीकडून मोजत होते, दुसरं करणार काय? एकदाही चुकलं नाही. मंगळवारी सकाळी बू नूरवांती मशीन घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. घरी बसल्या बसल्या विझलं होतं. मग त्याने मशीनला हुकूम दिला, झाकण मिटलं तरी झोपू नकोस. ते झोपलं नाही, पण झाकण मिटल्याची खूण मिळाली की पडदा खालूनच, बोर्डातूनच विझायचा. आंधळ्या पडद्यावर ती उत्तरं कशी लिहिणार? तुकडा उपटून टाकायचा तर इतक्या जुन्या बोर्डाला डाग द्यावा लागणार. बोर्डच गेला तर शुक्रवारही गेला.

बुधवारी त्याने तिला दुकानातच बसवलं. आधी टेबल रिकामं केलं. स्पीकर हलवला, चुंबकाचे स्क्रूड्रायव्हर हलवले, माझ्या दुकानातून आलेली क्लिपांची डबीसुद्धा परत पाठवली. तिचं घड्याळ काढून ठेवायला सांगितलं, तेही टेबलाकडे बघून. मग सरावाची परीक्षा लावून दिली आणि परक्या बाईच्या खांद्याशी उभं राहणं बरं नव्हे म्हणून स्वतः बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी माझ्या दारात टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळणारीकडून आणलेला पुडा सोडत होते. वीस मिनिटं झाली असतील. आतून बारीकसा आवाज आला, “पाक, गेलं.”

तो आत गेला, पुडा हातात घेऊन मीही मागोमाग. ती दचकून खुर्चीतून उठलेली, आणि पडदा तर झगझगीत सुरू. त्याने रोजनिशी वाचली. दहा एकेचाळीसला झाकण मिटलं. दहा त्रेचाळीसला झाकण उघडलं. त्या दोन ओळींवरून त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग अगदी हळू, अगदी सभ्यपणे म्हणाला,

“भीती वाटली की माणूस नकळत पुस्तकही मिटतो, बू. स्वतःला कळतसुद्धा नाही.”

बू नूरवांती हसली. “हो, तसंच असेल, पाक,” म्हणाली आणि पिशवी आवरायला लागली.

आमच्या लोकांचं असलं 'हो' मला चांगलं कळतं. ते थोबाडीत मारण्याहून वाईट असतं. सतरा वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई, तिला या सज्जनाने साखर लावून खोटं ठरवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी टेम्पेचा पुडा तिथेच टाकला.

“रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलास आणि साक्ष द्यायला आत आलास?” मी मारसुदीला म्हणाले. “बू, तू बस खाली. मी बघते. मला कोणाची लाज नाही.”

ती नको नको म्हणत होती. मी तिला बसवलंच, समोर स्टूल ओढलं आणि तिच्याकडे टक लावून बसले. मारसुदी दारात, पुन्हा पाठ फिरवून. ती वाचू लागली. पहिल्यांदा ताठ बसलेली. प्रश्नाची अक्षरं बारीक, जवळचं तिला नीट दिसत नाही, म्हणून जरा पुढे झाली. गणिताचा प्रश्न आला, आणखी पुढे झाली. हिजाबचं एक टोक तिने डाव्या खांद्याशी लावलं होतं. ते सुटून खाली ओघळलं, आणि त्याला लटकलेलं हिरवं फुलपाखरू कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर जाऊन टेकलं.

पडदा विझला.

ती घाबरली आणि काय झालं ते बघायला आणखी वाकली. म्हणजे फुलपाखरू तिथेच. बिचारी घरीही असंच करत असणार. जितकं विझायचं तितकी ही वाकायची, आणि जितकी वाकायची तितकं ते विझलेलं राहायचं. मी म्हणाले, “ताठ बस.” ती ताठ बसली आणि पडदा आला.

ती फुलपाखरं आमच्याकडे प्रत्येकीजवळ आहेत. लेगीच्या बाजारात ढिगाने मिळतात. कापडाच्या एका बाजूला फुलपाखरू, दुसऱ्या बाजूला चकती, दोन्हींत चुंबक, मध्ये कापड. हिजाबला भोक पडत नाही म्हणून सगळ्याजणी घेतात. माझ्याही हनुवटीखाली एक होतंच. दोन दिवस मी ते घालून भिंतीपलीकडे बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आम्ही दोघांनी मिळून घातला होता.

मी माझं फुलपाखरू काढलं. “मारसुदी, इकडे बघ,” मी म्हणाले. “घाबरू नकोस, टेबलाकडेच बघायचंय.”

कोपऱ्यावर फुलपाखरू ठेवलं, पडदा गेला. उचललं, आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेला. चौथ्यांदा त्याने हात पुढे करून मला थांबवलं. त्याचे कान असे लाल झाले होते की मला एरवी हसू आलं असतं. पण त्याचा चेहरा बघून नाही आलं.

बू नूरवांती आपल्या फुलपाखरावर हात ठेवून बसली होती. तिसरीच्या मुलांनी मिळून ते तिला दिलं होतं, शिक्षकदिनाला. शकुन म्हणून सरावाच्या दोन्ही दिवशी तिने मुद्दाम तेच लावलं होतं. “आता हे लावायचं नाही?” तिने मला विचारलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

मी साधी टाचणी दिली. त्या दिवशी भिंतीपलीकडून मारसुदीचं पुटपुटणं ऐकू आलं नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. काही बिघडलं तर जवळ असावं म्हणून. तिने फुलपाखरू काढलं आणि ते ठेवायचं कुठे असा घोळ घालायला लागली. आईकडे द्यावं तर आईला विसर पडतो, घरात ठेवावं तर भीती वाटते. मारसुदीने दोन्ही हात पुढे केले. तिने त्यात ते ठेवलं. तो जाऊन अंगणाच्या पार टोकाला, विहिरीपलीकडच्या रंबुतानच्या झाडाखाली बसला. चुंबकाचा हात इथून तिथपर्यंत पोचत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तरी त्याने जागा दोनदा बदलली, आणखी लांब गेला. अडीच तास तो मूठ मिटून बसून होता. बाईच्या आईने चहा आणला, तो त्याने डाव्या हाताने घेतला नाही, आणि उजव्या मुठीत फुलपाखरू. म्हणून चहा गार झाला.

साडेदहाला दार उघडलं. ती पायरीवर आली. “शेवटपर्यंत चालू होतं,” एवढंच म्हणाली आणि पदराने पुसावेत तसे हिजाबच्या टोकाने डोळे पुसले.

मारसुदी उठून आला. मूठ उघडून फुलपाखरू पुढे केलं. आणि मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, त्याने मान वर केली आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं.

“यंत्र खरं बोलत होतं, बू,” तो म्हणाला. “तुम्हीही खरं बोलत होता. मी एकाचंच ऐकलं. मला माफ करा.”

या वेळी तिने 'तसंच असेल' म्हटलं नाही. “केलं,” म्हणाली, “पण तो चहा बदलून घ्या.”

दीड महिन्याने यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. तिने केळीच्या पानात बांधलेला भात दोन्ही दुकानांत पाठवला. मारसुदी अजूनही टेबलाशीच बोलतो, स्वभावाला औषध नाही. पण आता मशीन आलं की रोजनिशी लगेच उघडत नाही. आधी खुर्ची पुढे करतो आणि विचारतो, काय झालं ते तुम्ही सांगा. माणूस सांगून संपेपर्यंत चष्मा टेबलावर ठेवलेला असतो. आणि बाई असेल तर भिंतीवर दोनदा टकटक होते.

“यु कास्मी, जरा येऊन बघता का?”

मी हातातलं काम टाकून जाते.