आधी कोणाला फोन लावायचा

रिठदच्या रामकिसनरावांची वर्षाराणी कारंज्याला एका खोलीत बसून सॉफ्टवेअर लिहिते, हे गावातल्या पुष्कळांना अजून पटत नाही. पुण्याला का गेली नाही, म्हणून येताजाता तिचं डोकं खातात. ती हसते आणि कामाला लागते.

ऊसतोडीला गेलेल्या माणसांना घरची बातमी कळवणाऱ्या एका संस्थेसाठी तिने प्रोग्रॅम लिहिला. एकेका मजुराचे नंबर तरी किती! स्वतःचा, दिराचा, मुकादमाचा, टोळीतल्या एखाद्या मावशीचा. वर्षाराणीने ते मजुरांच्या तक्त्यात कोंबले नाहीत. नंबरांसाठी वेगळा छोटा तक्ता केला. दर ओळीत मजुराची ओळख आणि एक नंबर, बस्स. प्रोग्रॅममधली माहिती तक्त्यांत नेऊन मांडणारं ओआरएम नावाचं साधन तिच्या हाताखाली होतंच. तिने त्याला बजावलं, हे नंबर म्हणजे ‘सेट’, एकच नंबर दोनदा घ्यायचा नाही. काम इतकं देखणं झालं, की बाई स्वतःवरच खूश!

आणि तिथेच घात झाला. सेटला पहिला-दुसरा कळत नाही.

इंझोरीजवळच्या तांड्यावर मदनसिंग अचानक वारला. त्याची लेक चंदा लांब उसाच्या फडात, तीही पोटुशी. संस्थेतल्या विकासने स्क्रीनवर सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. तो चंदाचाच निघाला. बाप गेल्याचं तिने उभ्याउभ्या ऐकलं आणि जागीच कोसळली. पोटातलं बाळ वाचलं हे नशीब. पण तांडा खवळला. आमचे नंबर पुसून टाका, असा निरोप आला आणि इतर तांडेही तीच री ओढू लागले.

वर्षाराणी एसटीने तांड्यावर गेली. चंदाची आई ललिताबाई दारात बसली होती.

“माफी मांगाले आली मी,” वर्षाराणी म्हणाली. “विकासची चूक नाई. प्रोग्रॅम मीच लिवला.”

ललिताबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “चंदाच्या टोळीतल्या रूपाबाईचा नंबर पयले सांगतला होता आमी. काहून सांगतला? वाईट बातमी अशी सरळ पोरीच्या कानात घालत नाईत, बाई. आधी टोळीतल्या मोठ्या माणसाले सांगा लागते. ते तिले सावलीत बसवते, पाणी पाजते, जवळ घेते, मंग सांगते.”

तांड्यावरचं प्रत्येक माणूस हा क्रम मनात लावूनच नंबर सांगत होतं. आपल्याला हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही, याची वर्षाराणीला मनापासून लाज वाटली.

दुरुस्ती म्हणाल तर चिमूटभर. सेटची तिने यादी केली आणि तक्त्यात क्रमाचा एक रकाना वाढवला. ओआरएम आता नंबरासोबत त्याची जागाही जपू लागलं. पण जुना क्रम कुठे उतरलेलाच नव्हता, तो आणायचा कुठून? दुसरं कोणी असतं तर अंदाजाने भरून मोकळं झालं असतं. ही पोरगी तांडोतांडी फिरली. बोलणी खाल्ली, दारातून परत आली, पुन्हा गेली. “पयले कोणाले सांगू?” एवढंच विचारत राहिली. चिकाटी असावी तर अशी. हळूहळू लोक सांगू लागले.

चंदासमोर जायची मात्र तिची छाती होईना. हंगाम संपून चंदा परतली, तेव्हा मांडीवर बाळ होतं. वर्षाराणी समोर बसली आणि म्हणाली, “तुले नंबर ठेवाचे नसतीन त आत्ताच पुसतो.”

चंदा बाळाला थोपटत राहिली. “मायची तब्येत आता बरी राहत नाई,” ती शेवटी म्हणाली. “उद्या काई झालं त मले कळा लागते. ठेवा.”

“पयला कोणाचा लिवू? रूपाबाईचा?”

“रूपामावशी आता टोळीत येत नाई. तुमचा लिवा.” चंदाने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “फोनवर नका सांगू. कितीबी लांब असो, तुमी या. जवळ बसा, मंग सांगा.”

वर्षाराणीचे डोळे भरून आले. पहिल्या जागी तिने स्वतःचा नंबर टाकला.

“येईन,” ती म्हणाली.