निवडणूक आणि मामाजींची बंदूक

आमच्या घरी सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, एक बंदूक आहे, पीक राखायला परवाना काढून घेतलेली. विधानसभेची निवडणूक लागली आणि ठाण्यातून निरोप आला, बंदूक जमा करा. नवरा वरठीला ड्युटीवर, म्हणून मीच मामाजींना स्कूटीवर बसवून निघाले. त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक. आंधळगावात ओळखीची एक बाई म्हणाली, "काय जी, भजनाले चालले का?" तिला ती वीणा वाटली होती.

ठाण्यात आणखी चार-पाच म्हातारे आपापल्या बंदुका घेऊन बसले होते. मामाजींनी वाद काढला. "ज्याले दंगा कराचा हाये तो का परवाना काढते? चोरटा कट्टा त्याच्यापाशी, अन् जमा आमची! कायद्यानं होते काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. शिपाई हसून म्हणाला, "बाबाजी, डुकरायले सांगून द्या, आचारसंहिता लागली म्हणून."

मला मामाजींचं पटलं. घरी आल्यावर सासूबाईंना तसं म्हटलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. "कट्टेवाल्याचं मले माहीत नाही. पण आज मले झोप चांगली लागन."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या लग्नाआधी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मामाजींचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं भांडण झालं होतं. मामाजी तरातरा घरात आले आणि त्यांनी बंदुकीला हात घातला. सासूबाई दारात आडव्या झाल्या. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. "गुंडाचं सोड वो," त्या म्हणाल्या, "भल्या माणसालेई राग येते."

मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ पाखडले.

पुढच्याच आठवड्यात रानडुकरं आली. सकाळी पाहतो तर शेताचा एक तुकडा, बांधीभर धान, लोळवलेलं. "पाहा आता तुमचा कायदा!" मामाजी कडाडले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. डुकरं बुजावीत म्हणून सासूबाईंनी जुन्या साड्या काढल्या. आम्ही दोघी त्या शेताभोवती बांधू लागलो, पण धुऱ्यापाशी साड्या संपल्या. पलीकडचं शेत काकाजींचं, मामाजींच्या त्याच धाकट्या भावाचं. थोड्या वेळाने तेही घरच्या साड्या घेऊन आले आणि न बोलता पुढची गाठ मारू लागले.

बाजूला उभ्या मामाजींना राहवलं नाही. "ढिली बांधून राहिला ना बे!"

"मंग तूच बांध, दादा."

दुपारपर्यंत दोघे भाऊ गाठींवरून हुज्जत घालत होते. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि पदर तोंडाला लावला.

डुकरं पुरती थांबली नाहीत, पण बरंच धान घरी आलं. निवडणूक आटोपल्यावर बंदूकही आली. ती आता कुलुपात असते. वाद मात्र मिटलेला नाही. काकाजी चहाला आले की मामाजी सुरू होतात, "कायद्यानं कोणी थांबत नाही."

"तू त थांबला ना, दादा!"

"त्यायले कायद्यानं नाही थांबवलं, मीनं थांबवलं," सासूबाई आतून ओरडतात, आणि मामाजी मुकाट्याने कप पुढे करतात.