कुलथेबाई हात मागतात

दुपारी भांडी घासून जरा आडवी होते. पंख्याची घरघर लांब लांब जाते, डोळे जड होतात, आणि ओट्यापाशी कुलथेबाई उभ्या दिसतात. दिवाळीआधीच वारल्या त्या. मी स्वतः मयताला जाऊन आलेय. मग आता कशाला आल्यात?

माझ्या केतकीला जन्मापासून दिसत नाही. तिला शिकवायला आणि आम्हा नवराबायकोला समजवायला या बाई घरी यायच्या. शाळा तालुक्याला, एसटीनं मीच पोचवते. पण हल्ली केतकी माझ्याबरोबर घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. असंच चाललं तर शाळा सुटेल पोरीची. का म्हणून विचारलं की मिठाची गुळणी! मला संशय आहे, बाईंनीच जाताजाता तिच्या डोक्यात काहीतरी भरवलंय.

"केतकीच्या आई, हात द्या बघू."

मी हात पाठीमागे लपवते. मेलेल्या माणसानं स्वप्नात काही मागितलं तर देऊ नये.

"कुणाचा हात? माझा की पोरीचा?"

"तुमचाच हो. पोरीला मी कशाला नेऊ?"

"न्यायला येणारे असंच म्हणत असतील."

बाई हसतात. हसणं अगदी पूर्वीचंच, म्हणून तर जास्त भीती वाटते. ओटा संपतो तिथे एसटी स्टँड सुरू होतं आणि उजेड जातो. भोंगे, फुटाणेवाल्याची हाळी, माणसांचे धक्के. मला काही म्हणजे काही दिसत नाही.

कुणीतरी माझं मनगट पकडतं आणि ओढत सुटतं. पायरी येते, कुणी सांगत नाही. मी तोंडावर आपटता आपटता वाचते.

"अहो बाई, सोडा! कुठं नेताय मला?"

"चल गं लवकर, गाडी जाईल!" आवाज बाईंचा, पण बोलणं फार ओळखीचं.

"ओढू नका! मी तुमचं कोपर धरते, माझी मी येते मागनं!"

"हेच सांगून सांगून माझा घसा सुकला होता," बाई म्हणतात.

दचकून उठते. खोलीत लख्ख ऊन आहे. माझ्या मनगटावर बोटांचे लाल वळ उमटलेत. हात अंगाखाली आला असेल, असं मनाला सांगते. पटत नाही.

केतकी चाचपडत जवळ येते. "आई, ओरडलीस का गं?"

"काही नाही. हात दुखतोय जरा."

ती माझा हात हातात घेते. तिची बोटं वळांवरून फिरतात आणि तिथेच थांबतात.

"माझे मधल्या सुट्टीपर्यंत जातात," ती म्हणते. "तुझेपण जातील."