मळवट पुसला त्या मंगळवारी

लई दिस झालं, सांगू का नगं आसं व्हतंय, कारण ह्यात माझं खोटं हाय. आमी राधानगरीकडचं. घरात मालक, माझ्या सासूबाई, त्यास्नी मी आत्ती म्हणते, आन् माझी लेक, आजून अंगावर पिणारी. सरत्या पावसात माझं डोस्कं दुखाय लागलं, डाव्या डोळ्याच्या मागं कुणी खिळा ठोकावा तसं. चार दिसांनी सकाळी उठले तर डावी पापणी खाली पडलेली, उचलता उचलंना. आत्तीनं बघून हातच जोडलं. म्हटल्या, "वारं आलं हिच्यात." वारं म्हंजी देवी अंगात आली. आर्धा डोळा मिटून घुमी बसलेली बाई, आमच्याकडं दुसरं काय समजणार.

आत्तीनं कपाळभर कुंकवाचा मळवट भरला, पाटावर बसवलं, आळीतल्या बायका पायावर डोस्कं ठेवाय लागल्या. माझ्या अंगात काय न्हवतं, नुसती कळ व्हती. तरी मी गप बसले. भ्याले व्हते, आन् खरं सांगायचं तर बरंबी वाटत व्हतं. लगीन झाल्यापासनं ह्या घरात मला कुणी तांब्या भरून दिला न्हवता, आन् आता आत्ती आपल्या हातानं चहा आणत्यात. देवीच्या जागी बसून देवीलाच फसवलं मी. पर आत माझी आई आठवत व्हती. मी सातवीत आसताना ती कळशी घेऊन चालता चालता पडली ती उठलीच न्हाय. तिचंबी आधी आसंच डोस्कं धरलेलं. सगळी म्हटली, देवीनं नेली. माझी शाळा तितंच सुटली.

मंगळवारी बायका जमायच्या आधी मी मनात देवीला म्हटलं, आई, तू माझ्यात न्हाईस, मला म्हाईत हाय. जितं आसशील तितनं ये. माझी लेक ल्हान हाय.

पुढं देवी आली आसं मी म्हणत न्हाय. एक बाई आली. तिची स्कूटर आमच्या दारात पंक्चर झाली. कोल्हापुरात दवाखान्यात शिस्टर, आमच्या गावच्या विहारात कार्यक्रमाला आलती. दारातनं म्हटली, "पावणं, पाणी मिळंल काय?"

एक म्हातारी म्हटली, "आधी पाया पड, देवी बसलीया."

"मी बौद्धाची हाय मावशी, मला नुसतं पाणीच द्या," म्हणून हसली, आन् पिता पिता माझ्याकडं बघून तिनं तांब्या खाली ठेवला. माझ्याम्होरं गुडघ्यावर बसली. सगळ्यास्नी वाटलं पाया पडतीया. तिनं आंगठ्यानं माझी पापणी उचलली.

"ही बाहुली बघा किती मोठी झालीया. दुसरी बारकी हाय. डोस्कं दुखतंय काय गं?"

"तिला नगं इचारू," आत्ती म्हटल्या, "देवी बोलंल."

"मग देवीलाच इचारते. घरात कोण आसं आचानक गेलंय?"

मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, "माझी आई. आन् माझ्यात कोण बी न्हाय, माझं डोस्कं फुटाय लागलंय."

आत्ती लाल झाल्या, "आमच्या देवीच्या आड येतीस व्हय?"

"देवी हितंच ऱ्हाईल मावशी. ही ऱ्हायची न्हाय."

तिनंच ओल्या रुमालानं माझा मळवट पुसला. मालकांनी शेजारची जीप आणली, शिस्टर माझी लेक मांडीवर घेऊन कोल्हापुरापतोर आली. मी वाटभर तिचा पदर धरलेला.

डोस्क्याचा फोटू काढला. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं, रक्ताच्या नळीला फाटा फुटतो तितं भिंत पातळ होऊन फुगा धरलाय, त्यो डोळ्याच्या शिरंवर दाबतोय, म्हणून पापणी पडली. फुटला आसता तर घरी आणाय मीच ऱ्हायले नसते. मांडीतनं नळी वर नेऊन त्या फुग्यात बारीक तारंची येटोळी भरली. मी इचारलं, मलाच का? मॅडम म्हटल्या, आईकडनं आलं आसंल, बीपी हाय, मिसरी लावतीस ती आजपासनं बंद. काही फुगे जन्मभर गप ऱ्हात्यात, काही फुटत्यात, कुठला काय करंल ते पुरतं आमालाबी कळलेलं न्हाय, त्येचाच अभ्यास चाललाय. त्या अभ्यासाला माझं रक्त आन् आईची हकीकत देशील काय म्हटल्या. मी सही केली. आईचं मरण कुणी पयल्यांदाच लिवून घेतलं, तवा लई रडले.

सगळं चांगलं झालं आसं न्हाय. उजवीकडं आजून एक बारका फुगा हाय. त्येला हात लावायचा न्हाय, बगत ऱ्हायचं, दर वर्साला फोटू. लेकीलाबी मोठी झाल्यावर तपासायचं. आत्ती माझ्याशी तुटक बोलत्यात. आन् कधी भांडं उचलताना हात थांबतो, वाटतं आत्ता, आत्ता फुटंल.

ती शिस्टर माणूसच हाय, पर तिला माझ्या दारात कुणी थांबवलं हे मी शोधत बसत न्हाय. नुसती पाया पडते, तिच्याबी आन् देवीच्याबी. मॅडमना जेवढं कळलंय तेवढं ऐकते, गोळी चुकवत न्हाय. जे कुणालाच कळलेलं न्हाय ते देवीजवळ ठेवते. भ्या मातर गेलं न्हाय. चपलीसारखं ते देवळाभाईर काढून ठेवता येत न्हाय, घेऊनच आत जाते. आन् देवीनं कधी म्हटलं न्हाय, भाईर ठेवून ये.