तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि ग्रीन बिल्डिंगची पाटी

चिंचपोकळीची आमची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या. एक आम्हा जुन्या भाडेकरूंची, दुसरी विक्रीचा उंच टॉवर. टॉवरच्या दारात ‘ग्रीन बिल्डिंग’ अशी पितळी पाटी लागली. ती पाहून आल्यावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, “हे आपल्याला का नाही मिळत?”

काकू टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. अध्यक्ष हसले. “काकू, ते टॉवरवाल्यांचं. आपली रिहॅबची बिल्डिंग.”

“माणसंच राहतात ना दोन्हीकडे?”

मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे चौकशी माझ्याकडे आली. पाणी आणि वीज जपून वापरणाऱ्या, आपला कचरा आपणच जिरवणाऱ्या राहत्या इमारतींनाही ‘ग्रीन बिल्डिंग’चं सर्टिफिकेट मिळतं, असं कळलं. ते सांगायला गेलो तर काकू म्हणाल्या, “मग बसलायस काय? चल.” पुढे जवळजवळ वर्षभर मी त्यांच्या मागून चालत होतो.

जिन्यातले दिवे बदलले, गच्चीवर सोलर बसलं, पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत वळवलं. गाडी अडली ती नळांवर. घरोघरी नळाच्या तोंडाला बारीक जाळी बसवायची होती. तिच्यामुळे पाण्यात हवा मिसळते आणि पाणी कमी लागतं. पण बायका बिथरल्याच. “चाळीत जन्मभर रांगा लावल्या. आता कुठे घरात नळ आला, तर त्याची धार तोडायची?”

काकूंनी भाषण दिलं नाही. सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. मोरीतल्या नळाला जाळी नव्हती, ओट्यावरच्या नळाला होती. दोन्हींखाली सारख्याच बादल्या ठेवून त्यांनी दोघींना भाताची खरकटी पातेली घासायला दिली. पातेली सारखीच लख्ख निघाली, पण मोरीतली बादली भरून वाहायला लागली आणि ओट्यावरच्या नळाखालची अर्धीसुद्धा भरली नाही.

“मलाही ती रांग आठवते गं,” काकू म्हणाल्या. “म्हणूनच वाहून जाताना बघवत नाही.”

त्यानंतर जाळ्या बसवायला कुणी अडवलं नाही.

कचऱ्याचं मात्र तसं झालं नाही. इमारतीमागे आम्ही खताची पिंपं ठेवली होती, प्रत्येक मजल्याला एक. सर्टिफिकेटसाठीची तपासणी जवळ आली आणि तिसऱ्या मजल्याच्या पिंपाला भयंकर घाण सुटली. आत प्लॅस्टिकच्या पिशव्या, पावाची वेष्टनं, काय काय. अध्यक्ष म्हणाले, “हे रिकामं करू आणि नर्सरीतून तयार खत आणून ओतू. बघणाऱ्याला काय कळतंय?”

कुणीच नाही म्हणालं नाही. काकू तेवढ्या बोलल्या. “मग तपासणी तरी कशाला? पाटीसुद्धा पेंटरकडूनच रंगवून घेऊ की.” पिंप तसंच राहिलं.

तपासणीला एक तरुण इंजिनीअर बाई आली. गच्ची, टाकी, मीटर सगळं बघून झालं. मागच्या बाजूला आल्यावर काकूंनी तिला थेट त्याच पिंपाशी नेलं आणि झाकण उघडलं.

“हे बिघडलंय. बाकीचे मजले कचरा नीट वेगळा करतात, तिसरा करत नाही. आणि मी तिसऱ्यावरच राहते.”

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. इंजिनीअर बाईने नाकाला रुमाल लावून विचारलं, “मग आता काय करणार?”

“उपसणार, निवडणार, पुन्हा सुरू करणार. माणसांशी बोलायचं काम माझं.”

तिने ते लिहून घेतलं. त्या क्षणी मला काकूंचा जो अभिमान वाटला, तो मला त्यांना कधी नीट सांगता आला नाही.

सर्टिफिकेट आलं, पण आम्हाला अपेक्षा होती त्याच्या एक पायरी खालचं. “त्या एका पिंपाने घात केला,” अध्यक्ष चुकचुकले. काकूंनी मात्र पेढे आणले आणि मला घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाल्या. माझ्या हातात झाकणाच्या डब्यांची चळत होती. प्रत्येक दारात त्या आधी पेढा देत आणि मग ओल्या कचऱ्याचा डबा. तोंड गोड झाल्यावर डबा परत करायचा कसा?

शेवटच्या दारातले गृहस्थ मजल्यावरचे सगळ्यात हट्टी. त्यांनी पेढा खाल्ला, डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “काकू, अंड्याची टरफलं ओल्यात की सुक्यात?”

“ओल्यात,” काकू म्हणाल्या. “चुरून टाका.”